पायाखालचा अभ्यासक्रम

भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला दगड फोडायलाही शिकवावे लागते. वाटेवर पडलेला धोंडा उचलून चालत नाही. तो कुठून घरंगळत आला, कुणी टाकला, याचा भरवसा नसतो. जागेवरचा, जमिनीतून वर आलेला खडक शोधायचा, त्याचा पुढे आलेला कोपरा हेरायचा, आजूबाजूला कुणी उभे नाही ना हे पाहायचे आणि मग हातोडा मारायचा. वरची साल ऊन-पावसाने बदललेली असते, म्हणून ती निघून आतला ताजा भाग दिसायला हवा. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि दगड भिंगाकडे आणायचा. नवशिकी मुले भिंग दगडावर धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. “आधी बघा, मग वहीत लिहा, नाव शेवटी सांगा,” हे वाक्य सर दर थांब्यावर म्हणतात.

बी.एस्सी.च्या मुलांच्या अशा एका दौऱ्यात मी बेळगाव, निपाणी आणि गोकाक या पट्ट्यात त्यांच्याबरोबर हिंडलो. निम्मी मुले घरी मराठी बोलणारी, निम्मी कन्नड, परीक्षा इंग्रजीतून. खडक वाचायला शिकण्यासाठी या पट्ट्याइतकी सोयीची जागा मिळणे कठीण. फार लांब न जाता इथे तीन वेगवेगळ्या काळांतली जमीन पायाखाली येते.

सुरुवात बेळगावच्या जांभ्यापासून होते. तांबडा, भोकाभोकांचा हा दगड मुलांनी जन्मापासून घरांच्या भिंतींत पाहिलेला असतो, पण तो तयार कसा झाला हे त्यांना पहिल्यांदा कळते ते खाणीच्या उघड्या कडेसमोर. खाली काळा बेसाल्ट असतो. लाखो वर्षांच्या उष्ण, पावसाळी हवामानात त्यातली सिलिका आणि चुना पाण्याबरोबर निघून गेला आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. जिथे ॲल्युमिनियम जास्त साठले तिथे बॉक्साइट झाला. चंदगडकडच्या पठारांवरचा हाच बॉक्साइट बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात येतो. कॉस्टिक सोड्याने त्यातून ॲल्युमिना काढला जातो आणि एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल चिखल उरतो. तो कुठे आणि कसा साठवायचा, हा प्रश्न पर्यावरणाच्या पुस्तकात येतो. पण त्याचे उत्तर साठवणीच्या जागेखालचा खडक पाणी झिरपू देतो की नाही, यावर ठरते.

हे मुलांना पटते ते विहिरीच्या काठावर. वजन बांधलेली टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, तारीख आणि वेळ लिहायची, मग कठड्यावरून वाकून आतले थर पाहायचे. वर जांभा, त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती, आणि दोहोंच्या सांध्यातून पाझरणारे पाणी. जांभ्याच्या भोकांतून पाऊस झरझर आत उतरतो, माती त्याला अडवते, म्हणून विहीर भरते. 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत त्यासाठी विहीर खोदली गेली. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. अशा विहिरींना पाणी देणाऱ्या भोकांतूनच शेजारच्या शोषखड्ड्यातले मैलापाणीही तितक्याच सहज खाली जाते. खानापूरच्या एका मुलीने हे ऐकून लगेच विचारले, “मग सर, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा, हे सगळीकडे एकसारखं कसं असेल?” त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तो होता.

संकेश्वर ओलांडून निपाणीकडे जाताना तवंदीचा घाट लागतो. इथे डेक्कन ट्रॅपचे राज्य आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि आज उरलेला त्याचा विस्तार जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर आहे. महामार्ग वाहता असल्यामुळे मुले एका रांगेत, कठड्याच्या आत थांबतात. घट्ट काळा खडक कुठला आणि वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला कुठला, हे बोटाने दाखवायचे. कुठे खडक कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटत असतो. त्याच क्रमाने पुढे मुरूम आणि शेवटी काळी माती होते. निपाणीचा तंबाखू याच मातीवर उभा राहिला. मातीतला पांढरा खडा उचलून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो: तो चुनखडीचा खडा. बेसाल्टमधून विरघळलेला चुना कोरड्या महिन्यांत मातीत परत साचतो, याचा हा पुरावा.

वेदगंगेच्या काठावर काम बदलते. हातोडे पिशवीत जातात आणि 300 मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या बाहेर येतात. बाटली पाण्याखाली बुडवून, एकही बुडबुडा राहू न देता भरायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे द्रावण पिपेटचे टोक आत बुडवून सोडायचे, बूच लावायचे आणि बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तपकिरी गाळ तयार होतो. त्याआधी शहराबाहेरच्या एका नाल्यावर हीच कृती केली होती, तेव्हा गाळ पांढराच राहिला होता. ऑक्सिजन संपला की काय होते, हे त्या पांढऱ्या बाटलीने सांगितले. व्याख्यानात ते इतके पोहोचत नाही. नेमका आकडा प्रयोगशाळेत थायोसल्फेटच्या अनुमापनातून निघतो, पण बाटली काठावरच बंद करावी लागते. उशीर झाला तर आकडा नदीचा राहत नाही.

काठावर एक शेतकरी आले. “काय शोधायलाय पोरांनो?” मुलांनी सांगितले आणि पुराबद्दल विचारले. त्यांनी खोपीकडे हात केला: “वळचणीला लागलं होतं पाणी.” 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. मुलांनी काठाची उभी कड खरवडली, तेव्हा काळ्या मातीवर बारीक गाळाचा फिकट पट्टा दिसला. नदी जिथवर आपला गाळ टाकते तिथवर तिचे पात्र समजायचे, हे सरांनी तिथेच सांगितले, आणि मुलांनी नकाशावर ती रेघ ओढली.

गोकाकला जमीन पुन्हा बदलते. घटप्रभा जिथून सुमारे 52 मीटर खाली उडी घेते तो कडा लाव्हाचा नाही, कलादगी वालुकाश्माचा आहे. भिंगाखाली क्वार्ट्‌झचे कण दिसतात, आम्लाने फेस येत नाही, आणि काही थरांच्या पृष्ठावर उथळ पाण्याच्या लाटांनी उमटवलेल्या वळ्या असतात. होकायंत्राने थर कोणत्या दिशेला पसरला आहे आणि किती अंशांनी कलला आहे, हे मोजायचे. हा खडक प्रोटेरोझोइक काळातला आणि तो काळ सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी संपला. म्हणजे गोकाकचा खडक आणि तवंदीचा खडक यांच्यात किमान 47 कोटी वर्षांचे अंतर आहे. या खडकांना कलादगी हे नाव देणारे भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा मुलखावरचा ग्रंथ 1876 मध्ये आला. गोकाकजवळ नदीकाठच्या मातीत त्यांना गेंड्याचे जीवाश्मही सापडले होते. एकेकाळी इथे गेंड्याला पुरेल इतके गवत आणि पाणी होते, हे मातीनेच सांगितले.

या पट्ट्यातली महाविद्यालये दोन विद्यापीठांत वाटलेली आहेत: इकडे राणी चन्नम्मा विद्यापीठ, आणि निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठाचे. पर्यावरणाचा पेपर मात्र दोन्हीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी पर्यावरणाचा जो समान अभ्यासक्रम आखला, त्यात 50 तासिका होत्या आणि 100 पैकी 25 गुण क्षेत्रकामाला होते. आखणी उत्तम होती. पण अनेक ठिकाणी क्षेत्रकामाचे गुण मागच्या वर्षीच्या वह्या उतरवून मिळतात. नदीवर न जाता नदीवर प्रकल्प लिहिला जातो. भूशास्त्राची मुले खडकापर्यंत पोहोचतात, पण त्यांची संख्या थोडी; पर्यावरणाचा पेपर सगळे देतात, पण त्यांच्या पायाला माती लागत नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या दोन-चार विहिरी आणि नदीचा एक काठ ठरवावा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी मुलांनी पातळी मोजावी, ऑक्सिजन तपासावा, खडकाचा थर वहीत काढावा, आणि वही पुढच्या तुकडीकडे द्यावी. वीस वर्षांनी निपाणी किंवा बेळगावच्या पाण्याविषयी बोलताना कुणालाही अंदाजावर विसंबावे लागणार नाही. त्यासाठी नवा विषय नको, नवी इमारत नको. क्षेत्रकामाचे कागदावरचे गुण खरे झाले तरी पुरे.