न फासलेला रंग

लोहार छिन्नीला पाणी देतो तेव्हा पोलादावर पिवळा, जांभळा, निळा असे रंग सरकताना आपण पाहिले असतील. ते कोणी फासलेले नसतात. तापल्या धातूवर प्राणवायूमुळे अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. त्याच्या वरून व खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग मावळतात, काही उजळतात. पापुद्र्याची जाडी बदलली, की रंग पालटतो. १९६० साली अवतरलेला लेसर हेच काम टाचणीच्या टोकाएवढ्या जागी नेमके साधतो. शस्त्रक्रियेच्या पोलादी हत्यारांवरही लेसरच्या तापाने खुणा उमटवितात. मात्र ताप वाजवीपेक्षा अधिक झाला, तर गंज रोखणारे क्रोमियमचे कवच दुबळे होते. खूण ठसठशीत आणि हत्यार गंजके, मग उपयोग काय? लोहाराप्रमाणे येथेही सारे कसब ताप ओळखून थांबण्यात आहे.