रवंथ आणि खुराक

गव्हाणीत कुट्टी पडली की गाय ती जेमतेम चावते आणि गिळून टाकते. वरच्या जबड्याला पुढचे दात नसल्याने चारा ओढायचे काम जिभेकडे असते आणि बारीक करायचे काम मागे पडते. पोट भरून ती सावलीला बसली की त्याची पाळी येते. मानेच्या डाव्या बाजूने कातडीखालून एक घास वर सरकताना दिसतो, तो तोंडात आला की जबडा आडवा फिरू लागतो. 40 ते 60 वेळा चावून झाले की घास खाली जातो आणि काही सेकंदांत पुढचा वर येतो. दिवसरात्र मिळून हे सात-आठ तास चालते.

पोटाचे कप्पे चार. पहिले कोटीपोट, डावी कूस जवळजवळ भरून टाकणारे. मोठ्या गायीत त्यात शंभर लिटरांहून जास्त माल मावतो. त्याला लागून मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा दुसरा कप्पा असतो. चाऱ्यातून गिळलेली तार किंवा खिळा इथेच अडकतो, आणि हृदय अगदी जवळ असल्याने कधी कधी पडदा भेदून तिकडे घुसतो. तिसरा कप्पा पडद्यांचा. तो पाणी शोषून घेतो. चौथे खरे जठर, माणसासारखे आम्ल आणि पाचकरस सोडणारे.

खरा कारभार कोटीपोटाचा. चाऱ्यातला काष्ठांश पचवणारा रस गायीच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरशी करतात. 39 अंशांच्या आसपासच्या उबेत, प्राणवायूशिवाय, ते चारा आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले निघतात. ती कोटीपोटाच्या अस्तरातून थेट रक्तात जातात आणि गायीची बरीचशी ऊर्जेची गरज भागवतात. ॲसेटिक आम्लापासून दुधातली स्निग्धता बनते, प्रोपिओनिकपासून यकृत साखर तयार करते. मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो. पुढे वाहून गेलेले जिवाणू चौथ्या पोटात पचतात आणि गायीला प्रथिने पुरवतात. थोडक्यात, गव्हाणीतला खुराक आधी या जिवाणूंचा.

त्यांना आम्लता जास्त झालेली चालत नाही. रवंथ करताना सुटणारी लाळ, दिवसाला शंभर लिटरांहून अधिक, आपल्यातल्या सोड्याने ती आवरते. कुट्टी पिठासारखी बारीक केली की चावणे कमी, लाळ कमी, आणि संकलन केंद्रावर दुधाची फॅट घसरते. इंच-दीड इंचाची कुट्टी बरी. लग्नघरचा उरलेला भात किंवा पोळ्या पाटीभर पुढे ओतणे हा तर दयेच्या पोटी केलेला घात आहे: पिष्ट झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, रवंथ बंद पडते आणि जनावर आडवे होते. पशुवैद्य डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरतात. निरोगी गायीचे कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला ढकलते. ती ढकल मंदावली की पोट बिघडले समजायचे. ओला कोवळा लसूणघास एकदम भरपेट खाल्ला तर वेगळी भानगड होते. फेसात वायू अडकून डावी कूस फुगते आणि वेळीच इलाज झाला नाही तर गाय दगावते.

400 किलोच्या गायीला दिवसाला साधारण 12 किलो शुष्क पदार्थ लागतो. हिरव्या मक्यात पाचातले चार हिस्से पाणी असते, त्यामुळे 40 किलो मका दिसतो ढीगभर, पण हिशेबात आठ किलोच धरायचा. उरलेली भर कडबा आणि सरकी पेंड, गव्हाचा भुसा अशा खुराकाने घालावी लागते. ऊसपट्ट्यात नुसत्या वाढ्यावर गाई ठेवतात, ते परवडते म्हणून; पण वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, तेव्हा खनिज मिश्रण चुकवून चालत नाही. खाद्य बदलायचे तर आठवडा-दोन आठवडे हळूहळू, कारण नव्या खाद्यासाठी जिवाणूंचा मेळ बसायला वेळ लागतो.

वासराचे कोटीपोट जन्मतः निकामी असते. दूध चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. पहिल्या काही आठवड्यांत थोडे धान्याचे खाद्य आणि स्वच्छ पाणी समोर ठेवले की आंबण्यातून निघणाऱ्या आम्लांनीच आतले अस्तर वाढते. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ते चाऱ्यावर पोसण्याइतके तयार होते.