संगणकाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष नको

धान्याच्या कोठारातील काही पोत्यांवर 'तांदूळ', 'गहू' अशा चिठ्ठ्या असतात, तर काही जुनी पोती बिनचिठ्ठीची असतात. अशा पोत्यातील धान्य न पाहता तांदळाच्या पोत्यात ओतले, तर चूक त्या वेळी ध्यानात येत नाही. ती स्वयंपाकघरात उघडकीस येते. संगणकाच्या आज्ञावलीतही असाच प्रसंग उद्भवतो.

जावा या संगणकभाषेत २००४ पर्यंत यादीत कोणत्या प्रकारची माहिती ठेवावयाची, हे नमूद करण्याची सोय नव्हती. त्या वर्षी आलेल्या जावा ५ या आवृत्तीत 'जेनेरिक्स'मुळे ती झाली. यादी केवळ नावांची आहे असे लिहिले, की तीत आकडा घालण्याचा प्रयत्न कंपायलर, म्हणजे आज्ञावली तपासून तिचे यंत्रोपयोगी रूपांतर करणारी व्यवस्था, तेथेच रोखतो. मात्र पूर्वीच्या आज्ञावल्या निरुपयोगी ठरू नयेत, म्हणून बिनचिठ्ठीच्या याद्याही चालू ठेवण्यात आल्या. शिवाय रूपांतरानंतर यादीवरील चिठ्ठी उरत नाही. त्यामुळे आज्ञावली चालू असताना यादीत काय शिरते, याची तपासणी होत नाही.

जुना व नवा भाग एकत्र आला, की कंपायलर 'अनचेक्ड' असा इशारा देतो. येथील हमी आपणास देता येत नाही, असा त्याचा अर्थ होय. समजा, निवृत्तिवेतनधारकांच्या नावांच्या यादीत जुन्या भागाने एक क्रमांक घातला. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पुढे ते नाव म्हणून वाचताना 'क्लासकास्टएक्सेप्शन' ही चूक उद्भवून काम थांबते आणि दोषाचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

यावर उपाय आहेत. प्रथम 'एक्सलिंट' या पर्यायाने प्रत्येक इशाऱ्याची नेमकी जागा पाहावी. आपल्या हातातील जुन्या भागात प्रकार नमूद करावा. जो भाग बदलता येत नाही, त्याच्याकडून आलेली माहिती एकेक तपासून नव्या यादीत घ्यावी. चूक कोठून शिरते हे सापडत नसल्यास यादीस 'चेक्डलिस्ट'चे वेष्टन घालावे. त्यातून जाणारी चुकीची वस्तू आत येतानाच अडते. पूर्ण खात्री झाल्यावरच 'सप्रेसवॉर्निंग्ज' लिहून इशारा बंद करावा. तोही शक्य तितक्या लहान भागापुरता, व त्याचे कारण शेजारी नोंदवून.

इशारा मिटविल्याने धोका मिटत नाही. यादीतील प्रत्येक नावामागे वेतनाची वाट पाहणारे एक घर असते, याचे भान आज्ञावली लिहिणाऱ्याने व तपासणाऱ्यानेही ठेवणे अगत्याचे आहे.