फेब्रुवारी-मार्चचं ऊन : फुग्याचा तक्ता आणि हवामानाचा अंदाज कसा वाचावा?



फेब्रुवारी संपत आला की आपल्या मीरा-भाईंदरमध्ये एक प्रश्न रोज पडतो. दुपारच्या अधिवेशनाची मुलं बारा-साडेबाराला घरातून निघतात, तेव्हा बाहेर ३२ अंश असतील की ३८? मोबाईलवर सकाळी दिसणारा एकच आकडा याचं पूर्ण उत्तर देत नाही. उत्तर वाऱ्यात असतं.

खारे वारे आणि मतलई वारे आपण वर्गात शिकवतोच. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. या दिवसांत आपल्याकडची दुपार कशी जाणार, हे खारे वारे किती वाजता पोहोचतात यावर बरंचसं ठरतं. ते साडेअकराच्या सुमारास आले तर पारा ३२-३३ वर रेंगाळतो. पण पूर्वेकडून, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून येणारा वारा जोरात असला, तर तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. मग दुपारी एक-दोनपर्यंत पारा चढतच राहतो.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपण म्हणतो ना? २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. नेमका २५ आणि २६ तारखेलाच हवामान खात्याने मुंबई, ठाणे, रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, आणि सांताक्रूझचा पारा ३८ च्या पुढे गेला. मार्चमधला सांताक्रूझचा उच्चांक तर ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा.

मग हे सकाळीच ओळखता येईल का? बऱ्याच अंशी येतं. आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर, सांताक्रूझच्या वेधशाळेतून पहाटे साडेपाचच्या वेळेसाठी एक मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला एक छोटं यंत्र बांधलेलं असतं, त्याचं नाव रेडिओसाँड. वर जाता जाता ते तापमान, दाब, ओलावा आणि वारा यांची माहिती रेडिओलहरींनी खाली पाठवतं. मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात! जगभरच्या अशा फुग्यांचे तक्ते अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. सांताक्रूझच्या केंद्राचा क्रमांक ४३००३.

तक्ता उघडला की आकड्यांचं जंगल दिसतं. घाबरू नका, दोनच ओळी शोधायच्या : दाब ९२५ आणि दाब ८५०. पहिली साधारण पाऊण किलोमीटर उंचीची, दुसरी दीड किलोमीटरची. सगळ्यात खालची, जमिनीलगतची ओळ मात्र सोडून द्या. पहाटे तिथे मतलई वारा असणारच, त्यावरून दुपारचं काही कळत नाही.

आता वाऱ्याची दिशा बघा. ती अंशांत दिलेली असते आणि वारा *कुठून येतो* ते सांगते. ९० म्हणजे पूर्वेकडून, २७० म्हणजे पश्चिमेकडून, आपल्यासाठी समुद्राकडून. वेगाचं एकक रकान्याच्या वर बघून घ्या. १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. दोन्ही ओळींत दिशा ५० ते १२० च्या दरम्यान आणि वेग दहा-पंधरा नॉट दिसला, तर खारे वारे उशिरा येणार असं मी धरून चालते.

मग ८५० च्या ओळीतलं तापमान. कोरडी हवा खाली उतरली की दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. समजा तिथे २२ अंश आहेत. दीड किलोमीटर खाली येईपर्यंत १५ ची भर, म्हणजे ३७! पूर्वेचा वारा टिकला आणि उन्हाने हवा तिथपर्यंत घुसळली गेली, तर पारा कुठवर जाईल याचा हा ढोबळ अंदाज. खारे वारे वेळेवर आले तर तेवढा चढत नाही, कारण समुद्राची गार हवा जमिनीलगत पसरते. शेजारचा रकाना दवबिंदूचा. तापमान आणि दवबिंदू यांत मोठं अंतर म्हणजे हवा कोरडी. अशा दिवशी घाम लगेच सुकतो, मुलांना आपल्या अंगातलं पाणी कमी होतंय हे जाणवतही नाही. म्हणून घामाघूम दिवसापेक्षा मला या दिवसांची जास्त धास्ती वाटते.

यानंतर हवामान खात्याचा अंदाज वाचा. फुगा पहाटेची हवा सांगतो. खात्याकडे त्याशिवाय उपग्रह आणि संगणकीय प्रारूपंही असतात, त्यामुळे इशारा असेल तर तोच मानायचा. एक गंमत लक्षात ठेवा : आपण ठाणे जिल्ह्यात मोडतो. ठाण्याचा पिवळा किंवा नारिंगी रंग मुरबाड-शहापूरलाही धरून असतो, आणि तिथे समुद्र नाही. म्हणून इशारा ठाण्याचा बघायचा, पण आकड्यासाठी सांताक्रूझकडे नजर टाकायची. कुलाब्याचा आकडा आपल्या कामाचा नाही, त्याच्या भोवती पाणीच पाणी. किनारी भागात कमाल तापमान निदान ३७ असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर असेल, तर उष्णतेच्या लाटेचा निकष लागू होतो.

आपल्याच शहरात उत्तनला वारा आधी पोहोचतो, काशिमीऱ्याला नंतर. तेव्हा वर्गासाठी उपक्रम असा : मुलांनी सुट्टीच्या दिवशी, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे किती वाजता उलट्या दिशेला उडू लागले ते वहीत लिहायचं. शेजारी त्या सकाळची ९२५ ची दिशा आणि वेग, खाली सांताक्रूझचं कमाल तापमान. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या मुलांच्या वह्या शेजारी ठेवून बघा, वेळेत फरक सापडतो का ते.