जुन्या घाटणीचा स्पीकर घरी आणताना

रेडिओ ही एकेकाळी घराच्या प्रतिष्ठेची वस्तू होती. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, काचेच्या पट्टीवर केंद्रांची नावे आणि फिरवावयाची दोन-तीन बटणे असा तिचा थाट असे. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा एका रेडिओभोवती सारे घर, प्रसंगी शेजारही गोळा होत असे. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्राला जवळचा आवाज लाभला. आज तोच थाट बिनतारी स्पीकरच्या रूपाने परत आला आहे. २०१७ साली सारेगामा कंपनीने ५००० हिंदी गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला आणि जुन्या रूपाच्या संचांना घरोघरी मागणी येऊ लागली.

कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील मलकापुरात चातुर्मास म्हणजे धुवाधार पाऊस. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दशलक्षण पर्व सुरू होते, तेही याच दिवसांत. गुडघे दुखणाऱ्या आजीला त्या पावसात रोज मंदिरात जाणे जमत नाही. डोळ्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून शास्त्रवाचनही थांबते. मुले-नातवंडे दुकानात किंवा मोबाइलमध्ये. प्रत्येकाच्या कानात वेगळे यंत्र. अशा घरात स्पीकर घ्यावयाचा, तर तो दिवाणखान्याची शोभा म्हणून घ्यावयाचा की आजीसाठी, हे आधी ठरवावे. बाकीची निवड त्यावरून सोपी होते.

आजीसाठी घ्यावयाचा असेल तर पहिली कसोटी बटणांची. पुष्कळ संचांवरील बटणे केवळ दिखाऊ असतात. खरा कारभार मोबाइलवरूनच चालतो. चालू-बंद, आवाज आणि पुढचे-मागचे ही तीन कामे अंधारातही हाताला समजतील अशा बटणांनी व्हावीत. भक्तामर स्तोत्र, णमोकार मंत्र, महाराजांची प्रवचने पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवता आली, तर मोबाइलची गरजच उरत नाही. आधीच गाणी भरलेल्या संचात त्या कंपनीच्या संग्रहातील गाणी असतात. आपल्याला हवे ते त्यात असेलच असे नाही. म्हणून पेन ड्राइव्हची सोय आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.

दुसरी कसोटी आवाजाची. विक्रेता दणदणीत चित्रपटगीत लावून दाखवितो. आपण मात्र प्रवचनाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि तेच लावावयास सांगावे. वय वाढले की प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ यांतील भेद पुसट होतो. नुसता घुमणारा स्पीकर अशा कानांना निरुपयोगी. शब्द स्वच्छ उमटतात का, हे पाहावे. खोक्यावरील वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेला मोठा आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो आणि तो मोजण्याची एक ठरलेली रीत नाही. ‘आरएमएस’ हा सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा. ढोबळ आणि निव्वळ वजनातील फरक जाणणाऱ्या व्यापाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट रेडिओची. संच रेडिओसारखा दिसला म्हणजे त्यात सर्व लहरी असतात असे नाही. कित्येकांत फक्त एफएम असते. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आड आला की क्षीण होतात. शाहूवाडी तालुक्याच्या डोंगराळ भागात ही अडचण मोठी. म्हणून मध्यमलहरी आहेत का ते विचारावे आणि घरी लागला नाही तर परत घेण्याची बोली आधीच करून ठेवावी. ब्लूटूथचा पल्लाही साधारण १० मीटर धरावा. जाड भिंती आल्या की तो आणखी घटतो.

आता पेटीकडे वळू. लाकडासारखे दिसणारे पुष्कळ खोके भुशाच्या दाबलेल्या फळीचे असतात. ओल लागली की ती फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो. पावसाळ्यात संच बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. वीज गेली तरी चालावा यासाठी बॅटरी हवी आणि ती बदलून मिळते का, याची चौकशीही हवी. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

आपल्या घरांसाठी एक चौकशी विशेष महत्त्वाची. जुन्या थाटासाठी काही संचांना चामड्याची मूठ किंवा आवरण असते. ते खरे चामडे की रेक्झिन, हे स्पष्ट विचारावे. लाकडी पेटीवरील लाखेचे पॉलिशही लाखेच्या किड्यांपासूनच होते. अहिंसेचा विचार करणाऱ्याने हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

आणि माळ्यावर जुना रेडिओ असेल, तर नवा घेण्यापूर्वी तो उतरवून पाहावा. अनेक जुन्या संचांना मागे ग्रामोफोन जोडण्याची जागा असते. तेथे जाणकार कारागीर लहानसा ब्लूटूथ ग्राहक जोडून देतो. हे काम घरी करू नये, कारण काही जुन्या संचांच्या आतील धातूचा सांगाडा थेट विजेच्या संपर्कात असतो. असलेली वस्तू वापरात आली, तर परिग्रहपरिमाणाच्या व्रतालाही ते धरूनच होईल.

संच घरी आल्यावर आवाजाची मर्यादा पाळावी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा आहे. दुकान बंद झाल्यावर रोज एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, सर्वांनी मोबाइल बाजूला ठेवून आजीजवळ बसावे आणि तिला हवे ते तिनेच लावावे. असा वापर होणार असेल, तर साधा संचही पुरेसा आहे. तसे होणार नसेल, तर महागडा संचही फडताळावर धूळ खात पडेल.