पहिल्या सेमिस्टरचे तीन विषय: फॉर्मवर टिक करण्याआधी

बसमध्ये नेट जातं, हेडफोन घरी राहतात, म्हणून आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलतानाची थोडी बडबड छाटलीय, बाकी जसंच्या तसं.

बारावीचा निकाल लागला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. “दादा, बीएस्सीला नंबर लागला. फॉर्मवर तीन विषय टाका म्हणतायत. कोणते टाकू?” बीएवाल्यांचाही हाच प्रश्न. माझं बीटेक झालं, आणि आम्हाला पहिल्या वर्षी निवडायला काही नव्हतंच. फिजिक्स आधी की केमिस्ट्री आधी, तेही कॉलेजच ठरवायचं. तुमच्यापुढे मात्र अख्खं मेन्यूकार्ड ठेवलंय, आणि ऑर्डर द्यायला दोन दिवस.

महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आधी विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं यांच्यात २०२३-२४ ला आला, आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. त्यामुळे तुमच्या मोठ्या भावाचा किंवा शेजारच्या ताईचा सल्ला जरा जपून घ्या. त्यांच्या वेळचा पॅटर्नच वेगळा होता.

उदाहरणाला पुणे विद्यापीठाचा २०२४ चा पॅटर्न घेऊ. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. त्यातले १२ तुमच्या तीन मुख्य विषयांचे, प्रत्येकी ४. उरलेले १० म्हणजे दोन-दोन क्रेडिटचे पाच पेपर: ओपन इलेक्टिव्ह, एक कौशल्याचा, एक भाषेचा, एक भारतीय ज्ञान प्रणालीचा, एक मूल्यशिक्षणाचा. नावं ऐकून घाबरू नका. या पाचातल्या बहुतेक ठिकाणी कॉलेज एक-दोन पर्यायच देतं. तिथे डोकं शिणवू नका.

डोकं लावायचं ते त्या तिघांवर. का? कारण दुसऱ्या वर्षी याच तिघांतला एक तुमचा मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे आज तुम्ही मेजर निवडत नाही आहात, पण मेजर कुठून निवडता येईल ती यादी आजच बंद करताय. जो विषय या तिघांत नाही, तो पुढे “आवडायला लागला” तरी हातात येणं अवघड. (काही विद्यापीठांत आणि स्वायत्त कॉलेजांत मेजर पहिल्याच सेमिस्टरला ठरवून घेतात. तिथे तर प्रश्न आणखी टोकदार. आपल्या कॉलेजचं माहितीपत्रक काढून आधी हेच बघा.)

म्हणून “सोपं काय?” हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. त्याऐवजी असं विचारा: हा विषय आत्ता सोडला, तर तीन वर्षांनी कुठे अडेल?

उदाहरणं देतो. एमएस्सी फिजिक्स करायचंय? बऱ्याच ठिकाणी पदवीत फिजिक्सबरोबर मॅथ्सही झालेलं लागतं. बारावीत मॅथ्सनं छळलं म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री आणि तिसरं काहीतरी हलकं घेतलं, की तो रस्ता अरुंद झाला. कुणी सांगतही नाही, कारण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षातच नसतं. काऊन्सेलर व्हायचंय म्हणणाऱ्या मुली बीएला येतात. मानसशास्त्राच्या एमएला बऱ्याच विद्यापीठांत पदवीला मानसशास्त्र विचारतात. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर बीएडला शिकवायचा विषय साधारण पदवीच्या विषयांवरूनच ठरतो.

आणि एक उलटं उदाहरण, कारण याबद्दल गैरसमज फार. “यूपीएससी करायचीय म्हणून राज्यशास्त्र घेतो.” घ्या, आवडत असेल तर जरूर घ्या. पण यूपीएससीचा वैकल्पिक विषय तुमच्या पदवीचाच हवा अशी अट नाही. बीएस्सी झालेली मुलं इतिहास घेऊन बसतात. तेव्हा तिथलं दार आज बंद होत नाही. जी दारं आज बंद होतात, त्यांचीच काळजी आज करायची.

आता मार्कांचं बोलू, कारण खरी भीती तीच. मी इंजिनीअर, त्यामुळे गणित मांडून बघितलं. समजा ओपन इलेक्टिव्हला एक ‘स्कोअरिंग’ विषय शोधून काढलात आणि ग्रेड पॉइंट ८ चे १० झाले. दोन क्रेडिट गुणिले दोन, म्हणजे चार, भागिले २२. एसजीपीएमध्ये फरक किती? ०.१८. आता मुख्य विषयात ६ चे ८ केलेत तर? आठ भागिले २२, म्हणजे ०.३६. बरोबर दुप्पट. आणि असे मुख्य विषय तीन आहेत. तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर मेसेज ओपन इलेक्टिव्हमध्ये सोपं काय यावरच पडतात!

ओपन इलेक्टिव्ह तुमच्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे सायन्सवाल्यानं कॉमर्स किंवा आर्ट्सकडचा. माझं मत विचाराल तर तिथे मार्क शोधत बसू नका, मजा शोधा. बीएस्सीच्या पोरानं बँकिंग किंवा शेअर बाजाराची ओळख करून घेतली तर पहिल्या पगाराच्या दिवशी तरी उपयोगी पडेल.

वेळेचा हिशोब मात्र कुणीच करत नाही. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३०. पंधरा आठवडे धरले तर थिअरीला आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलला दोन. बीएस्सीच्या एका विषयात दोन क्रेडिट थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल, म्हणजे आठवड्याला सहा तास. तीन विषयांचे अठरा. वरचे पाच पेपर धरून अठ्ठावीस ते तीस. आणि बीएला तिन्ही विषय बिनप्रॅक्टिकलचे असतील तर? बावीस. क्रेडिट तेवढेच, पण आठवड्याला सहा-आठ तासांचा फरक. बीएलाही भूगोल, मानसशास्त्र यांना प्रॅक्टिकल असतं, हे लक्षात असू द्या.

हॉस्टेलवर राहणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. पण सकाळी साडेसहाची एसटी पकडून येणाऱ्या, दुपारनंतर मेडिकलच्या दुकानात उभं राहणाऱ्या किंवा ‘कमवा व शिका’मध्ये काम करणाऱ्या मुलासाठी सगळा खेळ इथेच आहे. प्रॅक्टिकलची बॅच दुपारी दोनला लागली, की एकतर काम सुटतं नाहीतर जर्नल अपुरं राहतं. याचा अर्थ प्रॅक्टिकलचे विषय टाळा असा नाही. बॅच सकाळची मिळेल का, हे अॅडमिशनच्या आधी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “बॅच फुल्ल.”

आणखी एक चौकशी, जी माहितीपत्रकात सापडत नाही. कॉलेजमध्ये जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. स्टाफरूममध्ये नको, तिथे प्रत्येक सर स्वतःचा विषय चांगला म्हणतील, आणि त्यांचंही चूक नाही, मुलं कमी झाली की त्यांचा वर्कलोड कमी होतो. मुलांना विचारा: यादीत छापलेला हा विषय गेल्या वर्षी खरंच चालला का? किती जण होते? संख्या भरली नाही म्हणून वर्ग बंद करून मुलांना दुसरीकडे ढकललं का? शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे? तासिकावाले कितीतरी जण मन लावून शिकवतात, प्रश्न तो नाही. त्यांची नेमणूकच उशिरा झाली तर पहिला महिना वर्ग रिकामा जातो, प्रश्न तो आहे. आणि मुख्य म्हणजे, तो विषय इथे तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? फक्त पहिल्या वर्षाला असलेला विषय तिघांत धरून उपयोग काय? मेजर करायला कॉलेज बदलावं लागेल.

तर मग कसं निवडायचं? तिघांतला एक, ज्याच्यात पुढे जावंसं आज वाटतंय. दुसरा, त्याच्या पुढच्या प्रवेशाला जो लागतो. यासाठी ज्या एमए-एमएस्सीचं मनात आहे, तिची पात्रता आजच मोबाईलवर उघडून वाचा, दहा मिनिटांचं काम. आणि तिसरा, पहिला मनातून उतरलाच तर ज्याचा मेजर करायला तुम्ही खुशीनं तयार व्हाल. तिसऱ्या जागी “मित्रानं घेतलं म्हणून” हे कारण बसत असेल तर थांबा. मित्र मधल्या सुट्टीतही भेटतो.

फॉर्म भरून झाला असेल तरी लगेच हताश होऊ नका. बऱ्याच कॉलेजांत वर्ग सुरू झाल्यावर थोडे दिवस विषय बदलून मिळतात. अर्ज साध्या कागदावर, प्राचार्यांच्या नावे, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. शेवटची तारीख नोटीस बोर्डवर लागते, ग्रुपवर येतेच असं नाही. त्यामुळे पहिले दोन आठवडे बोर्डासमोरून जाताना मान वर ठेवा.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर तुमचे तीन विषय आणि कॉलेजचं गाव, एवढं लिहून पाठवा.