अम्लरेखनातील नोत्र दाम : जुन्या वास्तूंचे चित्र कसे पाहावे?

पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. आगीत कोसळलेले छतावरील उंच शिखरही पूर्ववत उभारण्यात आले. मात्र, फ्रेंच चित्रकार शार्ल मेरियाँ (१८२१-१८६८) यांनी १८५४ मध्ये केलेल्या या वास्तूच्या प्रसिद्ध अम्लरेखनात, म्हणजेच एचिंगमध्ये, हे शिखर नाही. मूळ मध्ययुगीन शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरविण्यात आले होते आणि नवे १८५९ मध्ये उभे राहिले. दरम्यानच्या काळातील कॅथीड्रलचे रूप या चित्रात टिकून आहे.

मेरियाँ पूर्वी नौदलात होते. रंगांधत्वामुळे रंगचित्रणाचा मार्ग त्यांना बंद झाला आणि ते अम्लरेखनाकडे वळले.

या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर मेणयुक्त लेप देऊन त्यावर सुईने रेषा कोरतात. उघड्या पडलेल्या रेषा आम्लात खोल होतात. आम्लाचा परिणाम जितका वेळ होऊ द्यावा, तितकी रेषा गडद उमटते. नंतर पत्र्यावर शाई भरून पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागदावर रुळांच्या यंत्राने ठसा घेतात.

म्हणूनच असे चित्र पाहताना प्रथम कोऱ्या जागा पाहाव्यात. उन्हातील दगड दाखविण्यासाठी शाई लागत नाही. तेथे कागदाची शुभ्रताच पुरते. त्यानंतर सावल्यांमधील दाट, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांकडे वळावे. नोत्र दामच्या चित्रात नदीकाठावरील माणसे अगदी लहान आहेत. त्यामुळे कॅथीड्रलची भव्यता आणि परिसरातील शांतता अधिक जाणवते.

तथापि, असे चित्र म्हणजे मोजमापाचा नकाशा नव्हे. १८५० च्या 'ल पेती पाँ' या चित्रात मेरियाँ यांनी नोत्र दामचे मनोरे त्या ठिकाणाहून दिसतात त्यापेक्षा उंच दाखविले आहेत.

१८५३ मध्ये ओस्मान यांची सेन प्रांताच्या प्रशासकपदी नियुक्ती झाली आणि पॅरिसच्या पुनर्रचनेला वेग आला. त्यात कॅथीड्रलच्या परिसरातील असंख्य जुनी घरे पाडण्यात आली. मेरियाँ यांनी रेखाटलेल्या अनेक वास्तू आज अस्तित्वात नाहीत. कवी बोदलेर यांनी १८५९ मध्ये या चित्रांची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती.

जुन्या वास्तूचे अम्लरेखन समोर आल्यास त्याचे वर्ष अवश्य पाहावे आणि आजच्या वास्तूशी त्याची तुलना करावी. काय उरले, काय गेले आणि चित्रकाराने स्वतःहून काय बदलले, हे तेव्हाच उमगते.